गाडी वळायला जागा

"आजऱ्याला आन् चंदगडाला हात लावायचा न्हाई," हणमाकाका म्हणाले. "बाकी काय मापायचं ते मापा."

टेपचं टोक धरून उभा असलेला माणूस साहेबांकडे बघायला लागला आणि साहेब माझ्याकडे. दोन अख्खे तालुके आमच्या वस्तीच्या टोकाला कसे येऊन बसले, हे त्यांना कळेना.

"झाडांची नावं आहेत, साहेब," मी म्हणाले. "हा फणस म्हणजे आजरा. तो पलीकडचा काजू चंदगड."

"आणि हे?" साहेबांनी त्यांची स्कूटर ज्या झाडाखाली लावली होती त्याच्याकडे हात केला.

"ती राधानगरी. जांभूळ हाय," काका म्हणाले. "तिच्या बुडात गाडी लावू नका, मुळ्या वर आल्यात."

शहर बसचे वाहतूक निरीक्षक सावर्डेकर साहेब, ज्यांच्यासमोर आम्ही तीन वर्षं घसा फोडून घोषणा दिल्या, त्यांनी मुकाट्याने स्कूटर हलवली. मला हसू आवरेना. काकांचं सगळ्यांशी असंच असायचं. आवाज चढवायचे नाहीत, पण समोरचा ऐकायचा.

हणमंत देवकुळे एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी घेऊन लांबच्या गावाला जायचे, आणि पहाटे परत निघताना त्या गावातलं एखादं रोप सीटखाली ठेवून घेऊन यायचे. आमची वस्ती कोल्हापूरच्या कडेला, माळावर, जुन्या दगडाच्या खाणीला लागून. खाण बंद पडली, तिचा खड्डा राहिला, त्यात पावसाचं पाणी साठतं. त्याला आम्ही खण म्हणतो. त्या खणीच्या काठावर नुसता कातळ. तिथं काकांनी पहारीनं खड्डे घेतले, गाडीतून पोत्यानं माती आणली आणि झाडं लावली. ज्या गावचं रोप, त्या गावचं नाव. घरोघरी भाजी धुतलेलं पाणी टाकून द्यायचं नाही, बागेत नेऊन ओतायचं, हा काकांचा नियम. त्यामुळे आमच्याकडे "गारगोटीला पाणी घातलंस का?" असं सासू सुनेला विचारायची आणि पाहुण्यांच्या भुवया वर जायच्या. दुपारी बायका चंदगडाखाली निवडायला बसायच्या. माझी बालवाडीही उन्हाळ्यात आजऱ्याखालीच भरायची. सावली म्हणून वस्तीत दुसरं काही नव्हतंच.

आणि बसही नव्हती. खालचा मोठा रस्ता लांब, मधला चढ उभा. बायका पहाटे उतरून कामाला जायच्या आणि संध्याकाळी रेशनचं पोतं डोक्यावर घेऊन चढायच्या. आजारी माणसाला खाली न्यायचं तर आधी रिक्षावाल्याच्या विनवण्या. हायस्कूल खालीच. खणीच्या कडेनं एकट्या पोरीनं येणं-जाणं करायचं म्हटल्यावर बाप लोक सातवीनंतर दप्तर फळीवर ठेवून द्यायचे. वस्तीतली बारावी झालेली बाई तेव्हा मी एकटी, तीही मामाच्या घरी राहून. म्हणून मी उठले. मोर्चे काढले, बसखात्याच्या व्हरांड्यात बायकांना डबे घेऊन बसवलं. रस्त्याच्या पलीकडच्या कॉलनीचे लोकही आमच्याबरोबर आले. त्यांच्यात म्हातारी माणसं होती, त्यांनाही बस हवीच होती. शेवटी गाडी मंजूर झाली.

"फक्त एक अडचण आहे," टेप गुंडाळून झाल्यावर साहेब म्हणाले. "रस्ता इथं खणीशी संपतो. शेवटच्या थांब्यावर गाडी एका दमात वळली पाहिजे. मागे घ्यायची नाही. खणीच्या काठावर भरलेली गाडी मी कुणाला मागे घेऊ देणार नाही."

"बराबर हाय," काका म्हणाले.

"जागा दोनच आहेत. एक तुमची ही झाडं. नाहीतर समोर कॉलनीच्या बागेचा कोपरा. दोन्ही जागा महापालिकेच्याच, पण आम्ही भांडणात पडत नाही. तुम्ही लोकांनी एकमतानं ठरवा आणि सोमवारी मला सांगा. नाही ठरलं तर ही गाडी दुसरीकडे जाईल. पलीकडच्या उपनगरातले लोकही रोज येऊन बसतात माझ्याकडे."

स्कूटर उतारानं दिसेनाशी झाली. काका रस्त्यापलीकडे बघत होते. कॉलनीच्या बागेला लोखंडी कुंपण होतं आणि आत कातरलेलं हिरवंगार गवत. कोपऱ्यात तर झाडही नव्हतं.

"त्यो कोपरा बेस हाय," ते म्हणाले. "गवातच हाय नुसतं. मंदे, तू बोल की बाईंच्याबरोबर. तुला मानतात त्या."

"बोलते की. आजच जाते."

मी त्याच दिवशी गेले. श्रीखंडेबाई कॉलनीच्या मंडळाच्या अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेल्या. माणूस म्हणून त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. आमच्या मोर्चात त्या डोक्याला रुमाल बांधून उन्हात चालल्या होत्या. बालवाडीचं कपाट त्यांनी दिलेलं, सतरंज्या त्यांनी दिलेल्या. मी गेले तेव्हा बागेत पाइप धरून गवताला पाणी मारत होत्या.

"ये गं मंदा. चप्पल राहू दे, गवतावरून ये. काय म्हणतात बसवाले?"

"येणार म्हणतात."

"झालं तर मग. तुझ्या कष्टाचं चीज झालं." त्यांनी पाइप बाजूला टाकला. "आणि हे गवत बघ. तीनदा लावलं तेव्हा कुठे धरलं. ह्या कोपऱ्यात तर जीवच धरत नव्हतं. चल, चहा घेऊ."

घरात त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. चहा दिला तो पाहुण्यांच्या कपात, बशीसकट. आमच्यातल्या बायकांना कितीतरी घरांत अजून वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला मिळायचा. इथं तसलं काही नव्हतं. तो पेला मिळाला असता, तर खरं सांगते, मी ताडकन बोलले असते. पण त्या नक्षीच्या कपासमोर मी नुसती बशी फिरवत राहिले. सरकारच्या दारात मागायचं ते हक्कानं मागत होते. इथं मागायचं म्हणजे जिनं आजवर दिलं तिच्याकडे आणखी मागायचं, आणि तेही तिनं जिवापाड जपलेलं.

मी चहा प्याले. सांगू, आता सांगू, असं मनात म्हणत बिस्किटंही खाल्ली.

"अगं हो," मी उठले तशा त्या म्हणाल्या, "तुझ्या पोरांसाठी फळा आणून ठेवलाय. जाताना घेऊन जा."

नवा कोरा फळा काखेत मारून मी रस्ता ओलांडला. हातात त्यांचा फळा घेऊन त्यांचा कोपरा मागायचा कसा, अशी मी स्वतःची समजूत घातली. उद्या जाऊ म्हटलं. उद्या पोरांना ताप होता, परवा बालवाडीची तपासणी होती. माणसाला टाळायचंच असलं की कामं कशी रांगेनं येऊन उभी राहतात. रविवारी संध्याकाळी बालवाडीत वस्तीची बैठक बसली, तोवर मी परत काही त्या घराची पायरी चढले नव्हते.

सगळी वस्ती आली होती. बायका सतरंजीवर, पुरुष भिंतीला टेकून. काका नेहमीसारखे दाराशी बसले होते.

"काय म्हणत्यात कॉलनीवाले?" त्यांनीच विचारलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गेले पण मागितलं नाही, असं म्हणायला फार लागत नव्हतं. पण तीन वर्षं जिच्या मागून ह्या बायका उन्हातान्हात चालल्या, ती चहा पिऊन गप परत आली, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली.

"न्हाई म्हणत्यात," मी म्हणाले.

कुणाला नवल वाटलं नाही. "म्हटलं न्हवतं?" असं दोघी-तिघी एकमेकींना म्हणाल्या आणि झालं. कॉलनी आपल्याला जागा देईल असं कुणाच्या मनातही नव्हतं, त्यामुळे माझं खोटं पहिल्याच घासाला उतरलं.

"मग गाडी जाणार व्हय गं?" शकुंतला अलकुंटेनं विचारलं. तिची थोरली लेक त्या वर्षी सातवीत होती. नवऱ्यानं तिला स्पष्ट सांगितलं होतं, बस आली तर हायस्कूल, नाहीतर पोरगी घरात. "मंदाताई, आपल्या झाडातनं वळंल की कशीतरी. एकदोन फांद्या छाटू."

मी काकांकडे बघितलं. ते सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होते. सावर्डेकर साहेबांनी मला जागेवर चालून दाखवलं होतं की झाडं ठेवून गाडी वळत नाही. म्हणजे उत्तर मला ठाऊक होतं. ते मला माझ्या तोंडून द्यायचं नव्हतं.

"आपण कशाला डोकं चालवायचं?" मी म्हणाले. "काकांनी जन्मभर गाडी हाणली. काका, तुम्हीच सांगा. झाडं ठेवून गाडी वळंल का?"

असं विचारण्यात काय होतं, ते मला विचारतानाच कळत होतं. काका इतर बाबतीत दोन शब्द इकडचे तिकडे करतील, भांडण मिटवायला थापही मारतील. गाडीच्या बाबतीत नाही. एकदा त्यांची एसटी घाटात कठड्याला घासली. युनियनवाल्यांनी सांगितलं, ब्रेकवर ढकला. काका चौकशीत म्हणाले, ब्रेक चांगला होता, डुलकी मला लागली. त्यात त्यांची बढती गेली. अख्ख्या वस्तीला हे माहीत होतं, मला तर होतंच.

काकांनी बोटाला गुंडाळलेला दोरा आणखी आवळला. मग त्यांनी दोरा तोडला.

"न्हाई वळणार," ते म्हणाले.

"एकदोन झाडं काढून?" शकुंतलानं विचारलं.

"अर्धवट काढून उपेग न्हाई. पावसात गाडी भरून आली, चाक घसरलं, तर पुढं खण हाय. डायवरला पुरी जागा पायजे." त्यांनी एकदा घसा साफ केला. "समदी काढायला लागतील."

कुणीतरी बोलावं, काका राहू दे म्हणावं, असं मला क्षणभर वाटलं. पण ते म्हणायचं काम माझंच होतं, आणि मी म्हणाले, "मग ठरलं."

शकुंतला उठून काकांच्या पाया पडली. "ऊठ गं," ते म्हणाले. "पोरीला शाळंत घाल म्हंजे झालं." आणि चपला घालून सगळ्यांच्या आधी निघून गेले.

झाडं तोडायला महापालिकेची माणसं आली त्या दिवशी वस्तीतल्या एकाही बाईनं दार उघडं ठेवलं नाही. काका मात्र तिथं होते. फांदी तारेवर पडू नये म्हणून कुठून दोर बांधायचा, झाड कुणीकडे पाडायचं, हे तेच त्या माणसांना सांगत होते. आजऱ्याला कोवळे फणस लागले होते. ते त्यांनी आधी उतरवून घेतले आणि दुपारी घरोघरी वाटले.

"भाजी करा," माझ्या दारात एक ठेवून ते म्हणाले. "चिकाला तेल लावा हाताला."

मी भाजी केली. माझ्या सासूबाईंनी एक घास घेतला आणि ताट सारलं. मी खाल्ली. सगळी खाल्ली, कारण टाकून द्यायचीही मला भीती वाटत होती.

ती बस अजून येते. शकुंतलाची पोरगी त्याच बसनं हायस्कूलला गेली, पुढे नर्सिंगला गेली, आणि तिच्यामागून कितीतरी. मला आजही कार्यक्रमाला बोलावतात, शाल देतात, आमच्या ताईंनी वस्तीवर बस आणली म्हणतात. मी शाल घेते. घरी आल्यावर ती कुणालातरी देऊन टाकते.

पहिली गाडी आली ती गुढीपाडव्याला. मुरूम टाकून, रोलर फिरवून जागा सपाट केली होती. तिथं उन्हात आम्ही सगळे उभे होतो. नारळ फोडला, ड्रायव्हरला हार घातला, आणि पहिल्या फेरीला वस्ती आणि कॉलनी दोन्ही मिळून गाडीत चढली. काका ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर बसले होते. पांढरा शर्ट इस्त्री केलेला. चढ-उतार आला की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता. मी त्यांच्या मागच्या सीटवर, आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या श्रीखंडेबाई. आजूबाजूला उभ्या असलेल्या बायकांच्या गप्पांना ऊत आला होता.

"पण ती झाडं गेली, फार वाईट झालं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बँकेतला, लांबवर ऐकू जाणारा. "मला तर कळेचना मंदा. आमचा कोपरा होता की. मंडळात मी म्हणाले होते, त्यांनी मागितला तर देऊन टाकू, गवत काय पुन्हा लावता येतं. पण तुमच्याकडून कुणी आलंच नाही विचारायला."

आता म्हणायला काय जातं, असं माझ्या मनात आलं. खरंच दिला असता की नसता, देव जाणे. पण ते मला कधीच कळणार नव्हतं, आणि त्याला कारण मीच होते.

बायकांच्या गप्पा थांबल्या होत्या. शकुंतला दांड्याला धरून उभी होती. ती माझ्याकडे बघायला लागली. "मंदाताई, तू तर..." ती म्हणाली.

काकांनी सीटवरून मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही, बाईंकडे.

"आली हुती की ती, मॅडम," ते म्हणाले. "दोनदा आली हुती. मी बघितली की रस्त्यावरनं. तुमच्या दाराला कुलूप हुतं. मग मंडळातलं दुसरं कोण तरी भेटलं, त्येनं न्हाई म्हणून सांगितलं."

"कोण?"

"नाव काय आता ध्यानात न्हाई. चष्मा हुता."

"असेल बाई," श्रीखंडेबाई खट्टू झाल्या. "त्या आठवड्यात मी दोन दिवस लेकीकडे होते खरी. आणि आमच्याकडे चष्मा कुणाला नाही? माझ्या मागे परस्पर असं सांगायचं म्हणजे..."

शकुंतलानं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. गप्पा पुन्हा सुरू झाल्या. काका पुढे वळून बसले. त्यांच्या मानेवर घामानं कॉलर ओली झाली होती. मी तिथंच उभं राहून खरं सांगायला पाहिजे होतं. गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत गेली, तिथून वळून परत वर आली, तेवढ्या वेळात मला तोंड उघडता आलं नाही.

वर सगळे उतरले. बाई कॉलनीत गेल्या, बायका घराकडे. काका खणीच्या बाजूला उभं राहून गाडी वळताना बघत होते. ड्रायव्हर तरुण होता. त्यानं मोठा फेरा घेतला आणि एका दमात गाडीचं तोंड उताराकडे आणलं.

"बेस वळिवली," काका म्हणाले.

मी त्यांच्याजवळ गेले. "काका, मी गेले होते बाईंकडे. पण मागितलं न्हाई. चहा पिऊन आले."

"ते कळलं मला."

"मग तुम्ही माझ्यासाठी कशाला खोटं बोलला?"

"तुज्यासाठी न्हाई." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "नळाचं भांडायचं हाय अजून. दवाखान्याचं भांडायचं हाय. बायका तुज्या मागनं येत्यात. आज गाडीत तुजा शब्द खोटा पडला असता तर उद्या कुणाच्या मागनं गेल्या असत्या त्या?"

मला रडू आलं. "माझं चुकलं, काका," मी म्हणाले. "कॉलनीला विचारायला पाहिजे होतं. तुमच्या झाडांसाठी तरी विचारायला पाहिजे होतं."

"कॉलनीचं सोड," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला तरी कुठं इचारलंस? गाडी वळंल का म्हणून इचारलंस. झाडं देतासा का, म्हणून न्हाई इचारलंस."

त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि घराच्या वाटेला लागले. मी त्यांच्या मागून चार पावलं गेलेसुद्धा. पण आता त्यांच्याकडे मागायला काही राहिलं नव्हतं.